ओळखणाऱ्याचं ऐका : बनावट चाकूंबद्दल ऑनलाइन बाजारपेठांना खुलं पत्र

प्रति,
ऑनलाइन बाजारपेठा चालवणाऱ्या कंपन्यांचे संचालक आणि तक्रार निवारण विभाग

महोदय,

छोटा विक्रेता बनावट चाकूची तक्रार घेऊन तुमच्याकडे येतो तेव्हा त्याला ठरलेलं उत्तर मिळतं : तक्रार ट्रेडमार्कच्या नोंदणीकृत मालकानेच करावी, इतरांची ग्राह्य धरली जाणार नाही. हा नियम तुम्ही केलेला आहे. तो बदलावा, आणि त्यासोबत आणखी काही गोष्टी बदलाव्यात, म्हणून चाकू बनवणारे छोटे कारखानदार, एकेकटे काम करणारे कारागीर आणि त्यांचा माल विकणारे दुकानदार मिळून हे पत्र लिहीत आहोत.

एकाच मॉडेलचे शेकडो नग ज्याच्या हातून गेले आहेत त्याला उघडलेलं पातं अडवून धरणाऱ्या खटक्याच्या आवाजावरून खरं-खोटं कळतं. मिटलेलं पातं मुठीच्या बरोबर मध्ये बसतं की एका अंगाला घासतं, स्क्रूची खाच स्वच्छ आहे की कडा आधीच झिजल्या आहेत, पात्यावरच्या अक्षरांची जाडी मूळ मालासारखी आहे का, हे त्याला खोकं उघडताच दिसतं. त्याचीच साक्ष तुम्ही घेत नाही. कारागिराची अडचण आणखी वेगळी आहे. ट्रेडमार्कची नोंदणी ज्या देशात केली तिथंच लागू होते. वर्षाला काही डझन चाकू बनवणारा माणूस ती देशोदेशी करू शकत नाही. म्हणजे ओळखणाऱ्याला अधिकार नाही, बनवणाऱ्याकडे कागद नाही, आणि बनावट माल मात्र पानावर तसाच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण आमच्यावर स्वस्त मालाचा द्वेष करतो असा आरोप होतो. स्वस्त चाकूला आमचा विरोध नाही. साध्या पोलादाचा, स्वतःच्या नावानं विकलेला, पोलादाची जात खरी सांगणारा चाकू चांगला असतो आणि पुष्कळांना तोच हवा असतो. मुदत संपलेल्या पेटंटमधली यंत्रणा वापरण्यालाही विरोध नाही. बेंचमेड या चाकू कंपनीच्या ॲक्सिस लॉक नावाच्या खटक्याचं पेटंट संपल्यावर आडव्या दांडीचा तो खटका अनेक कारखाने उघडपणे बनवू लागले, आणि ते रास्तच आहे. चाकू बनवणारे ख्रिस रीव्ह यांनी १९८०च्या दशकात मुठीच्याच एका बाजूचा खटका केला. आज तो जगभर फ्रेम लॉक म्हणून वापरला जातो. पण स्पायडर्को कंपनीच्या चाकूंच्या पात्यातलं गोल भोक हे त्यांचं नोंदलेलं चिन्ह आहे. बोटानं पातं उघडण्यासाठी दुसऱ्या आकाराचं भोक पाडायला कुणाची ना नाही. दुसऱ्याचं चिन्ह, दुसऱ्याचं नाव, दुसऱ्याच्या पोलादाची जात आपल्या मालावर कोरणं ही मात्र फसवणूक आहे. ज्या देशांतून नकला येतात, त्याच देशांतले स्वतःचं डिझाइन करणारे उत्तम कारखानेही या नकलांमुळे मार खातात. तेव्हा हा देशादेशांतला वाद नाही.

नकलेत नेमकं काय चुकतं ते तुमच्या तक्रार विभागातल्या माणसांनी एकदा समजून घ्यावं, कारण ‘दिसायला सारखाच तर आहे’ हा शेरा आम्हाला वारंवार मिळतो.

नक्कल करणारा मूळ चाकूचा एक नग विकत घेतो, सुटा करतो, प्रत्येक भाग मोजतो किंवा स्कॅन करतो. आकार त्याला तंतोतंत मिळतो. पोलादाला पाणी कसं दिलं ते मात्र स्कॅनरला कळत नाही. सीपीएम एस३०व्ही हे पोलाद घ्या, कारण बनावट पात्यांवर हे नाव फार दिसतं. क्रुसिबल कंपनीनं ते २००१ साली चाकूंचा विचार करूनच आणलं. वितळलेल्या पोलादाची भुकटी करून, ती दाबून हे बनतं. त्यात कार्बन साधारण १.४५ टक्के, क्रोमियम १४, मॉलिब्डेनम २ आणि व्हॅनेडियम ४ टक्के. धार टिकते ती या व्हॅनेडियमच्या बारीक, कठीण कार्बाइड कणांमुळे. त्याला १०३५ ते १०९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून झपाट्यानं थंड करावं लागतं आणि मग दोनदा टेंपरिंग, म्हणजे कमी आचेवर पुन्हा तापवणं, करावं लागतं. तेव्हा कुठे कठीणपणा रॉकवेल सी मापावर ५८ ते ६१ येतो. बनावट पात्यावर नाव हेच असतं, आत मात्र बऱ्याचदा ०.३ टक्क्याच्या आसपास कार्बन असलेलं स्वस्त स्टेनलेस असतं. त्याला कितीही नीट पाणी द्या, कठीणपणा पन्नाशीच्या सुरुवातीच्या आकड्यांतच अडकतो. अशा धारेवर कानस सहज चावते, चांगल्या धारेवरून ती घसरते. थोडं पुठ्ठं कापलं की धार वळते. गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा सहाणेवर घासतो, आणि त्या मूळ कंपनीचं पोलाद वाईट असं त्याचं मत पक्कं होतं.

पोलाद बरं असलं तरी घाईच्या ग्राइंडिंगमध्ये ते बिघडतं. पाणी न सोडता पट्ट्यावर धार काढली की पातळ कड तापते. २०० अंशांच्या पुढे गेली की पिवळसर, ३००च्या आसपास निळी. पॉलिशनं रंग निघून जातो, मऊ झालेली कड तशीच राहते. डोळ्यांना काही दिसत नाही.

घडीच्या चाकूत पोलादापेक्षा मोठा धोका खटक्याचा. लायनर लॉक किंवा फ्रेम लॉकमध्ये पातं उघडल्यावर मुठीतली पट्टी आत सरकून पात्याच्या बुडाला अडते. बुडाच्या त्या पृष्ठभागाला साधारण ७ ते १० अंशांचा उतार लागतो. उतार जास्त झाला की दाबाखाली पट्टी मागे घसरते आणि पातं बोटांवर मिटतं. कमी झाला की पट्टी अडकून बसते, सोडवायला जोर लावावा लागतो. मूळ कारखान्यात ही जुळणी नगागणिक तपासली जाते. नकलेत पट्टी कधी बुडाच्या अगदी काठावर अडते, कधी पूर्ण पलीकडे जाते. पातं मिटलेलं ठेवण्यासाठी पट्टीत एक बारीक गोळी बसवलेली असते, व्यास दीडेक मिलिमीटर. ती जिथे बसते तो खळगा उथळ असला की चाकू खिशात आपोआप उघडतो. पातं थांबवणारी पिन मऊ असेल तर थोड्याच वापरात तिच्यावर खड्डा पडतो आणि पातं हलायला लागतं. बेअरिंगच्या गोळ्या मऊ धातूवर थेट फिरवल्या तर त्या धातूत चर पाडतात. ‘टायटॅनियम’ लिहिलेल्या मुठीला चुंबक चिकटला तर ते टायटॅनियम नव्हे. वजनावरूनही कळतं : टायटॅनियमची घनता दर घन सेंटिमीटरला साधारण साडेचार ग्रॅम, पोलादाची ७.८च्या आसपास.

स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांची गत वेगळी नाही. पत्र्यातून कापलेलं पातं ‘घडवलेलं’ म्हणून विकतात, मुठीजवळचा जाड भाग नंतर वेल्डिंगनं चिकटवतात. मुठीत शिरणारी पात्याची शेपटी पूर्ण लांबीची असल्याचा देखावा करायला बाहेरून तीन रिव्हेट दिसतात, आत शेपटी पहिल्या रिव्हेटजवळच संपलेली असते. मूठ ओलसर होऊन फुगली की पातं डुगडुगतं. आणि दमास्कस, म्हणजे थरांची नक्षी दिसणारं पोलाद. ‘६७ थरांचं’ म्हणजे मधल्या कठीण पोलादाच्या दोन्ही बाजूंना ३३-३३ थर. खऱ्या पात्यात हे थर पाठीवरही रेषांसारखे दिसतात आणि धारेजवळ मधलं पोलाद वेगळं उठून दिसतं. बनावट पात्यावर नक्षी फक्त दोन्ही गालांवर, लेझरनं किंवा ॲसिडनं काढलेली. पॉलिश पेपरनं थोडी जागा घासून फेरिक क्लोराइड हे पोलाद खाणारं रसायन लावा : खऱ्या पात्यावर नक्षी परत येते, बनावटवर कोरी चकाकी राहते.

आता तक्रारी. त्या तुमच्या व्यवस्थेबद्दल आहेत, नक्कल करणाऱ्यांबद्दल नाहीत, कारण त्यांच्यापर्यंत आम्ही पोहोचू शकत नाही आणि तुम्ही पोहोचू शकता.

१. तक्रारीचा अधिकार फक्त चिन्हाच्या मालकाला. याबद्दल वर लिहिलं. त्यात एक भर : मालकानं तक्रार केली तरी सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच असतो. त्यानं नमुना विकत घ्यावा, वाट पाहावी, फोटो काढावेत, फरक लिहून द्यावेत. तोवर विक्री चालू. विकणाऱ्यानं मात्र माल कुठून आणला याचं एक बिलही दाखवलेलं नसतं.

२. फोटोत झाकलेली छाप. नक्कल विकणारा फोटोत चिन्हाच्या जागी डाग टाकतो किंवा चाकू उलटा ठेवतो, वर्णनात नावाऐवजी मॉडेलचा आकडा लिहितो. घरी पोहोचलेल्या चाकूवर छाप असतेच. आम्ही कळवलं की तुमचा विभाग फोटो पाहून सांगतो, चिन्ह दिसत नाही. पाकिटातला चाकू कुणी पाहत नाही. गिऱ्हाइकांनी अभिप्रायात टाकलेल्या फोटोंमध्ये तीच छाप ढळढळीत दिसते. ते फोटो तुमच्याच पानावर असतात.

३. एका बारकोडचा माल एकाच कप्प्यात. गोदामात अनेक विक्रेत्यांचा साठा बारकोड सारखा म्हणून एकत्र ठेवला जातो तिथं अधिकृत दुकानदारानं पाठवलेला खरा चाकू दुसऱ्याच्या गिऱ्हाइकाला जातो, आणि दुसऱ्यानं टाकलेला बनावट चाकू या दुकानदाराच्या बिलासह घरी पोहोचतो. वाईट अभिप्राय त्याच्या नावावर, खातं बंद होतं ते त्याचं. निर्मात्याकडून मिळालेली अधिकृत विक्रेतेपदाची मान्यताही जाऊ शकते. यात त्याची चूक कोणती?

४. परताव्याची अदलाबदल. खरा चाकू मागवायचा, त्याच खोक्यात नक्कल भरून परत करायची. खोकं परत आल्याची नोंद झाली की पैसे आपोआप परत. दुकानदाराचा चाकूही जातो आणि पैसेही. त्याहून वाईट म्हणजे परत आलेली ती नक्कल न तपासता पुन्हा साठ्यात जाते आणि पुढच्या गिऱ्हाइकाला ‘नवी’ म्हणून मिळते. अनुक्रमांक असलेल्या चाकूंचा पाठवताना आणि परत घेताना क्रमांक टिपला तरी हा प्रकार बराचसा थांबेल.

५. दुरुस्तीचा भार. आयुष्यभराची हमी देणाऱ्या निर्मात्याकडे बनावट चाकू दुरुस्तीला येतात. सुटा करून पाहावा लागतो, गिऱ्हाइकाला समजावून परत पाठवावा लागतो. मूळ सुटे भाग त्यात बसत नाहीत. स्क्रूचे आटे वेगळे, वॉशरची जाडी वेगळी. फसलेला माणूस निर्मात्यावरच चिडतो. त्याचा राग आम्हाला समजतो, कारण तो खोटं बोलत नसतो.

६. बंद केलेलं दुकान नव्या नावानं पुन्हा उघडतं. तेच फोटो, तेच वर्णन, तोच माल. फोटो जुळवून पाहण्याची साधनं तुमच्याकडे आहेत. जाहिराती दाखवताना ती तुम्ही वापरता.

दुकानदाराचं गणित थोडक्यात सांगतो. त्याला निर्मात्याकडून ठरावीक संख्येनं आगाऊ माल उचलावा लागतो, पैसे आधी गुंततात. त्याच्या खरेदीच्या किमतीच्याही खाली तोच दिसणारा चाकू तुमच्या पानावर असतो. गिऱ्हाईक फोन दाखवून विचारतं, तुम्ही इतके का लावता? प्रामाणिक माणसाला लुटारू ठरवणारा हा प्रश्न आहे, आणि तो विचारणाऱ्याचा दोष नाही. पुढे दुकानदार ते मॉडेल ठेवणं बंद करतो, निर्मात्याची मागणी घटते, आणि पहिला फटका नव्या डिझाइनला बसतो. एका घडीच्या चाकूसाठी कितीतरी नमुने करून मोडावे लागतात, साचे आणि पकडी बनवाव्या लागतात, खटका हजारो वेळा उघडून-मिटून पाहावा लागतो. तो खर्च मूळ चाकूच्या किमतीत असतो. नकलेच्या किमतीत तो नसतो.

छापेला किंमत असते ती तिच्यामागे जबाबदार माणूस असतो म्हणून. चाकूच्या धंद्याला हे फार जुनं ठाऊक आहे. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या चाकू-कारागिरांची कंपनी १६२४ साली इंग्लंडच्या संसदेच्या कायद्यानं स्थापन झाली आणि कारागिरांच्या छापा नोंदवू लागली. जर्मनीतल्या झोलिंगेनच्या चाकू-कारागिरांच्या संघाकडे १३ जून १७३१ रोजी नोंदवलेली जुळ्यांची छाप आजही वापरात आहे. एकोणिसाव्या शतकात शेफिल्डच्या नावाखाली परदेशी चाकू-कात्र्या विकल्या जाऊ लागल्या तेव्हा तिथल्या कारागिरांच्या तक्रारींचा मोठा वाटा असलेला मालाच्या खुणांचा कायदा ब्रिटनमध्ये १८८७ साली झाला. ‘मेड इन जर्मनी’ हे शब्द मालावर आले ते त्याच कायद्यामुळे. पुढे झोलिंगेननंही आपल्या नावाचं रक्षण १९३८ साली कायद्यानं करून घेतलं, आणि आजही पात्याच्या घडणीचे मुख्य टप्पे तिथंच झाले असतील तरच ते नाव लावता येतं. या प्रत्येक व्यवस्थेत छाप खरी असल्याची जबाबदारी ती वापरणाऱ्यावर असते. तुमच्या बाजारात हे उलटं झालं आहे.

सीमाशुल्क खात्यावर सगळं सोडून चालणार नाही, हेही सांगायला हवं. पूर्वी बनावट माल कंटेनर भरून यायचा, एक पकडला की हजारो नग हाती लागायचे. आता तो एकेका नगाच्या पाकिटात येतो. बौद्धिक संपदेच्या ट्रिप्स कराराच्या ५१व्या कलमानं बनावट छापेचा माल सीमेवर अडवण्याची सोय ठेवली, पण ६०व्या कलमानं व्यापारी स्वरूपाचा नसलेला थोडका माल, छोट्या पाकिटांतून आलेला, त्यातून वगळण्याची मुभा देशांना दिली. ती मुभा प्रवाशांसाठी आणि घरगुती भेटवस्तूंसाठी होती. तुमच्या पानावरून विकलेलं प्रत्येक पाकीट व्यापारी असतं, आणि त्यातलं कोणतं कुणी पाठवलं ही नोंद फक्त तुमच्याकडे असते.

विक्रेत्यांची ओळख पडताळणं व्यवहार्य नाही, असं आता म्हणता येणार नाही. अमेरिकेत जास्त उलाढाल करणाऱ्या विक्रेत्यांची माहिती घेऊन ती पडताळण्याची सक्ती करणारा कायदा २७ जून २०२३ पासून लागू आहे. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यानंही १७ फेब्रुवारी २०२४ पासून बाजारपेठांवर व्यापाऱ्यांचा माग ठेवण्याची जबाबदारी टाकली आहे. जे तिथं करता ते सगळीकडे करा.

आमच्या मागण्या अशा :

कोणत्याही नामांकित छापेचा चाकू विकायला ठेवण्याआधी विक्रेत्याकडून निर्मात्याचं किंवा अधिकृत वितरकाचं बिल घ्या. बिल नसेल तर पान उघडू नका. जुना, वापरलेला चाकू विकणाऱ्या सामान्य माणसाला ही अट लावू नका. तो एक-दोन नग विकतो, पन्नास नाही.

अधिकृत विक्रेत्याची आणि नोंदणी नसलेल्या कारागिराची तक्रार ग्राह्य धरा. कारागिराकडे मूळ रेखाचित्रं, तारखेसह नमुन्यांचे फोटो, पहिल्या विक्रीची बिलं असतात. ती पुरावा म्हणून स्वीकारा. तक्रार आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत विक्री तात्पुरती थांबवा आणि विकणाऱ्याला बाजू मांडू द्या. खोटी तक्रार करणाऱ्यावर कारवाई करा. प्रतिस्पर्ध्याला छळायला हा मार्ग वापरला गेला तर ते आम्हालाही नको आहे.

चाकूंचा साठा विक्रेत्यानुसार वेगळा ठेवा. परत आलेला नग माणसाच्या नजरेखालून गेल्याशिवाय साठ्यात घेऊ नका.

स्वतः नमुने विकत घ्या आणि तपासा. हातात धरायच्या एक्स-रे यंत्रानं पोलादातलं क्रोमियम आणि व्हॅनेडियम काही सेकंदांत कळतं. कार्बन त्यात दिसत नाही, पण एस३०व्ही म्हणून विकलेल्या पात्यात ४ टक्के व्हॅनेडियम नसेल तर पुढे काही तपासायची गरजच उरत नाही. संशय राहिला तर रॉकवेल चाचणी : हिऱ्याचा शंकू, दीडशे किलोचा दाब, सुईच्या टोकाएवढा खड्डा, मिनिटभराचं काम. खटक्यासाठी आधी पट्टी बुडाला कुठे अडते ते पाहा, मग पातं शिकंज्यात धरून मुठीवर मिटण्याच्या दिशेनं वजन टांगा. त्या रेषेत हात ठेवू नका.

बनावट ठरलेला चाकू ज्यांनी विकत घेतला त्या प्रत्येकाला कळवा, पैसे परत करा, आणि खटका धोक्याचा असू शकतो हे स्पष्ट लिहा. आज पान गुपचूप काढलं जातं. चाकू मात्र लोकांच्या खिशात तसाच राहतो.

बनावट मालावर तुम्हाला मिळालेली दलाली स्वतःकडे ठेवू नका. या तपासण्यांचा खर्च तिच्यातूनच भागवा.

यासाठी आमच्याकडून जे लागेल ते द्यायला आम्ही तयार आहोत. प्रत्येक मॉडेलसाठी खरा नग कसा ओळखायचा याची यादी, वजनं, जाडीची मापं, स्क्रूचे आकार, छापेची जागा आणि उंची, तुलनेसाठी खरे नग, आणि तुमच्या तपासनीसांना शिकवायला माणसं. ही माहिती जाहीर केली तर नक्कल करणारे ती वाचून सुधारतात, म्हणून ती तपास विभागापुरतीच ठेवावी एवढी अट.

तक्रारीच्या अधिकाराचा नियम कधी बदलणार, याचं तारखेसह लेखी आणि जाहीर उत्तर द्यावं.

आपले,
चाकू बनवणारे कारागीर, छोटे कारखानदार आणि विक्रेते